सांध्यातला पेशीमृत्यू जिवंत उंदरात कसा टिपायचा? अ‍ॅनेक्सिन, कॅस्पेज प्रोब आणि बाकी मंडळी

पेशीवेल्हाळ

आराखडा मांडते आहे, हवे तितके वार करा.

प्रश्न असा: सांधेदाह झालेल्या उंदराला औषध दिल्यावर सायनोव्हियममधल्या (सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या) पेशी मरतात का? मरत असतील तर सूज उतरायच्या आधी की नंतर? प्रत्येक टप्प्याला उंदीर मारून स्लाइड करण्यापेक्षा तोच उंदीर दर दोन-तीन दिवसांनी स्कॅन करायचा आहे.

मॉडेल: डीबीए/१ उंदीर, कोलॅजन टोचून घडवलेला सांधेदाह. प्रोब: अ‍ॅनेक्सिन-५ ला (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रथिन) साय५.५ हा चमकणारा रंग जोडून शेपटीच्या शिरेतून, दोन तासांनी फ्लुओरेसन्स चित्र. कंट्रोल: निरोगी उंदरांचे पंजे. शेवटच्या दिवशी मागचे पाय फॉर्मलिनमध्ये, मग दोन आठवडे ईडीटीएमध्ये हाड मऊ करून पॅराफिन काप. त्यात साय५.५ नेमका कुठे बसलाय ते बघायचं आणि लगतच्या कापावर ट्यूनेल (मरणाऱ्या पेशींतला तुटलेला डीएनए दाखवणारी चाचणी) करायचं.

कुठे चुकतंय?

चुनखडी

ईडीटीए. बाकीचं इतर लोक सांगतीलच.

अ‍ॅनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरीनला (पेशीच्या पडद्याच्या आतल्या थरातलं लिपिड, पेशी मरताना बाहेर येतं; पुढे नुसतं पीएस म्हणू) कॅल्शियमच्या मदतीने धरतं. मध्ये कॅल्शियमचे आयन आहेत तोवर पकड घट्ट, ते काढले की पकड सुटते. ईडीटीए हाडातलं कॅल्शियम ओढतं, तसंच हेही ओढतं. दोन आठवडे त्यात बुडवलेल्या पायात जिवंतपणी चिकटलेलं अ‍ॅनेक्सिन शोधणं म्हणजे धुतलेल्या पाटीवर अक्षरं शोधणं. फॉर्मलिनने थोडं प्रथिन जागेवर शिवलं जातं, पण किती राहिलं नि किती गेलं ते कापाकापागणिक बदलतं. त्या चित्रावरून ‘सिग्नल अमुक पेशीत होता’ असं म्हणता येणार नाही.

वर पॅराफिन. पीएस हे लिपिड आहे. अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना पडद्यातलं लिपिड विरघळून जातं, आणि साय५.५ सारखे रंगही त्या प्रवासात मार खातात.

त्यापेक्षा असं करा. अ‍ॅनेक्सिन टोचलेल्या उंदराचा एक पाय हाड मऊ न करताच गोठवा. कातडी सोलून, कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोजच्या ४-५ टक्के जेलमध्ये ठेवून, कोरड्या बर्फाने थंड केलेल्या हेक्झेनमध्ये गोठवायचा. ठोकळ्याच्या तोंडावर चिकट फिल्म लावून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने ५ ते १० मायक्रॉनचे काप घ्यायचे. फिल्म नसेल तर घोट्याचं हाड चुरगळून सायनोव्हियम फाडून नेतं. धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवं, आणि बफर हेपेसचा. फॉस्फेट बफरमध्ये एवढं कॅल्शियम घातलंत की पांढुरका गाळ बसतो. तो कापावर चमकतोही आणि कॅल्शियमही खातो.

दुसरा पाय खुशाल ईडीटीएत घाला आणि ट्यूनेल त्यावर करा. फक्त घाई म्हणून फॉर्मिक किंवा नायट्रिक आम्लाने हाड मऊ करू नका. आम्लाने डीएनए तुटतो आणि ट्यूनेल तुटलेल्या डीएनएचीच टोकं मोजतं.

पेशीवेल्हाळ

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग टोचायच्या द्रावणातही कॅल्शियम घालायचं का?

चुनखडी

गरज नाही. रक्तात मुक्त कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतंच, शरीरात तेवढं पुरतं. २.५ चा आकडा काचेतल्या कामाचा. टोचताना हेपेस घातलेलं सलाइन वापरा. आणि रक्त किंवा सांध्यातला द्रव घेऊन फ्लो सायटोमेट्री करणार असाल तर जांभळ्या झाकणाची नळी (तिच्यात ईडीटीए असतं) घेऊ नका, हेपारिनची घ्या. कारण तेच.

खलबत्ता

मला मूळ प्रश्नाबद्दलच शंका आहे. दाह झालेल्या सांध्यात ‘पेशी मरताहेत’ हे वाक्य वाटतं तेवढं सरळ नाही.

आमवाताच्या सायनोव्हियमची ओळखच मुळी अशी की तिथे मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत. अस्तरातले फायब्रोब्लास्ट अपॉप्टोसिसला (पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाला) दाद देत नाहीत, म्हणून तर पॅनस, म्हणजे कूर्चेवर पसरणारं फुगलेलं अस्तर, वाढत जातो. न्यूट्रोफिल लोंढ्याने येतात. दाहातल्या संदेशांमुळे त्यांचं आयुष्य थोडं लांबतं, पण शेवटी मरतात तेच. आणि मेलेल्या पेशी मॅक्रोफेज इतक्या चटकन गिळतात की कुठल्याही एका क्षणी मोजायला गेलात तर मूठभर सापडतात. रोज शंभर लोक येऊन जाणाऱ्या खोलीत डोकावावं आणि चार जण दिसावेत, तसं. त्यामुळे सिग्नल वाढला तर मरण वाढलं की गिळणं मंदावलं, हे अ‍ॅनेक्सिन सांगणार नाही.

दुसरं, पीएस बाहेर येणं ही अपॉप्टोसिसची मक्तेदारी नाही. चेतवलेले प्लेटलेट पीएस दाखवतात. त्यांच्यापासून सुटलेले सूक्ष्मकण आमवाताच्या सांध्यातल्या द्रवात भरपूर असतात, तेही दाखवतात. नेक्रोसिसने पडदा फाटला की अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या थरावरचं पीएस धरतं. नेक्रोप्टोसिस, पायरोप्टोसिस या पडदा फाटून होणाऱ्या मरणांतही तेच. काचेत आपण सोबत प्रोपिडियम आयोडाइड घालून फाटलेल्या पेशी वेगळ्या काढतो, जिवंत उंदरात ती सोय नाही.

तर शीर्षकात ‘पेशीमृत्यू’ लिहा, पण वहीत ‘पीएस’ लिहा.

प्रकाशवाट

खलबत्ता यांच्याशी सहमत. पण त्याच्याही आधीची पायरी सुटली आहे. निरोगी पंजा हा कंट्रोल नव्हे.

सुजलेल्या सांध्यात रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात. कुठलंही प्रथिन टोचा, ते तिथे जास्त झिरपणार आणि तिथल्या पेशी ते गिळून ठेवणार. साधं अल्ब्युमिन रंगवून टोचलंत तरी लाल पंजा निरोगी पंजापेक्षा ठळक दिसेल. म्हणजे तुमच्या आराखड्यातून निघणारा निष्कर्ष ‘सुजलेला पंजा सुजलेला आहे’ एवढाच.

हवं काय, तर त्याच मापाचं पण पीएस न धरणारं प्रथिन. अ‍ॅनेक्सिनच्या चारही भागांतल्या कॅल्शियम धरणाऱ्या जागा बदलून केलेला निष्क्रिय प्रकार सर्वात चांगला. तो मिळाला नाही तर ओव्हाल्ब्युमिन. ते ४५ किलोडाल्टन, अ‍ॅनेक्सिन ३६. अल्ब्युमिन ६६ चं आहे आणि रक्तात फार रेंगाळतं, ते टाळा.

दोन्ही एकाच उंदरात, एकाच सिरिंजमधून टोचा. सक्रिय अ‍ॅनेक्सिनला साय५.५, निष्क्रियला ७५०-८०० नॅनोमीटरच्या घरातला रंग. प्रत्येकी १ नॅनोमोल, म्हणजे साधारण ३६ मायक्रोग्रॅम, एकूण १०० मायक्रोलिटरमध्ये. मग पंजागणिक दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. गळती दोघांना सारखीच लागू, त्यामुळे ती गुणोत्तरात बरीचशी कटते. पूर्ण नाही कटत: रक्त आणि मेलॅनिन ७०० जवळचा प्रकाश ८०० पेक्षा जास्त शोषतात, आणि सुजलेल्या पंजात रक्त जास्त. म्हणून तीन-चार उंदरांत रंगांची अदलाबदल करा, निष्क्रियला साय५.५ आणि सक्रियला लांबचा. अदलाबदलीनंतर निष्कर्ष उलटला तर तो रंगाचा होता, प्रोबचा नव्हे.

निळीशाई

रंग जोडण्याबद्दल, कारण निम्मे प्रयोग तिथेच मरतात आणि कळत नाही.

एनएचएस एस्टर (रंग प्रथिनाला जोडायचा दुवा) लायसीनवर बसतो, आणि अ‍ॅनेक्सिनचे काही लायसीन नेमके पकडीच्या कामाचे आहेत. एका रेणूवर सरासरी एक रंग, यापुढे जाऊ नका. तीन-चार बसले की चित्र उजळ येतं आणि पीएसवरची पकड सुटलेली असते. उजळ चित्र बघून माणूस खूश होतो, तीच गोम. सिस्टीनवर ठरलेल्या जागी जोडता येईल असं अ‍ॅनेक्सिन (व्ही-१२८ हा त्यातला ठाऊक असलेला प्रकार) मिळालं तर हा त्रासच नाही.

मोजायचं कसं ते साय५ वर दाखवते. कॉलममधून आल्यावर ६५० ला शोषण १.२५, २८० ला ०.१७ आलं समजा. साय५ चा गुणांक २,५०,०००, म्हणून रंग ५ मायक्रोमोलर. रंग २८० लाही किंचित शोषतो, सुमारे ०.०५ पट, म्हणजे ०.०६२५, तो वजा करून उरलं ०.१०७५. अ‍ॅनेक्सिनचा गुणांक साधारण २१,००० धरला तर प्रथिन ५.१ मायक्रोमोलर. गुणोत्तर जेमतेम १. छान. ही वजाबाकी विसरलात तर प्रथिन ८ दिसतं आणि गुणोत्तर ०.६, मग माणूस रंग अजून वाढवायला जातो.

सुटा रंग काढायला जी-२५ कॉलम पुरतो. तरी थोडं एसडीएस जेलवर चालवून फ्लुओरेसन्समध्ये बघा. सगळ्यात खाली, रंगाच्या रेषेवर चमक असेल तर कॉलम पुन्हा.

आणि टोचायच्या आधी पकड तपासल्याशिवाय उंदराला हात लावू नका. जुरकॅट पेशींना १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरीन (अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) चार तास द्या, अर्ध्यांना देऊ नका. बफर: १० मिलिमोलर हेपेस, १४० मिलिमोलर मीठ, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४. पंधरा मिनिटं अंधारात. फ्लोवर फरक दिसला की त्याच नळीत ५ मिलिमोलर ईडीटीए टाका. सिग्नल धाडकन खाली यायला हवा. आला नाही तर ते नुसतं चिकट प्रथिन आहे, अ‍ॅनेक्सिन नव्हे. चुनखडींचा शत्रू इथे कामाचा.

अनवाणी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: कॅल्शियमचा एवढा जाच असेल तर झिंक-डीपीए का नको?

निळीशाई

वापरता येतात. झिंक डायपिकोलिलअमीन असलेले छोटे रेणू, पीएसचा ऋण भार झिंकच्या धन भाराने धरतात, कॅल्शियम लागत नाही. रेणू लहान म्हणून पसरतो आणि निघतोही लवकर. पण दोन गोष्टी. झिंक आधी भरावं लागतं, दोन डीपीए हात असलेल्या रेणूला दोन झिंक, किंचित जास्तच. अर्धवट भरलेला रेणू नुसता रंग म्हणून फिरतो. आणि निवड भारावर आहे, त्यामुळे कुठलाही ऋण पृष्ठभाग चालतो, जिवाणूसुद्धा. पंजावर चावा किंवा जखम असलेला उंदीर बाद करा. ईडीटीए झिंकही ओढतं, हे आलंच.

खलबत्ता

आता कॅस्पेजबद्दल. ‘अपॉप्टोसिस’ असं नाव घेऊन सांगायचं असेल तर दुसरा पुरावा वेगळ्या वाटेने आला पाहिजे, आणि ती वाट कॅस्पेज-३, अपॉप्टोसिस पार पाडणारं एन्झाइम.

क्रियेवर बेतलेले प्रोब, उदाहरणार्थ एलई२२-साय५, चालू स्थितीतल्या कॅस्पेजच्या कामाच्या जागी जाऊन सहसंयोजी बंधाने बसतात. एकदा बसले की सुटत नाहीत. तुमच्या आराखड्याला याचा मोठा फायदा: ईडीटीएने हे जात नाहीत. शिवाय सांधा वाटून, उकळून, जेलवर चालवला तरी रंग प्रथिनाला धरून राहतो. म्हणजे चित्रातली चमक नेमक्या कुठल्या एन्झाइमची, हे नंतर तपासता येतं.

आणि तपासावंच लागतं. या घराण्यातले प्रोब लेग्युमेनला आणि काही कॅथेप्सिनांनाही (प्रथिनं तोडणारी दुसरी एन्झाइमं) धरतात. आधीचा एबी५० त्यात जास्तच सढळ. दाह झालेलं सायनोव्हियम म्हणजे मॅक्रोफेजांचा बाजार, आणि मॅक्रोफेजांच्या लायसोसोममध्ये हेच ठासून भरलेलं. कर्करोगाच्या गाठीत जे चालून जातं ते इथे चालत नाही. जेलवर कॅस्पेज-३ चा मोठा तुकडा १७-२० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो, लेग्युमेन ३६ च्या. वरची पट्टी जाड आणि खालची पुसट असेल तर तुम्ही मॅक्रोफेज मोजलेत, मरण नव्हे.

झेड-व्हीएडी-एफएमके (कॅस्पेज अडवणारं रसायन) देऊन ‘सिग्नल गेला, म्हणजे कॅस्पेजच’ असंही म्हणू नका. ते कॅथेप्सिनांनाही अडवतं.

आणि जे मरण कॅस्पेज-३ ने होतच नाही ते इथे दिसणार नाही. न्यूट्रोफिल जाळी फेकून मरतात ते नेटोसिस, आरआयपीके३ आणि एमएलकेएल या प्रथिनांमुळे होणारं नेक्रोप्टोसिस. काप करताना सिट्रुलिनयुक्त हिस्टोन एच३ चा एक डाग ठेवलात तर जाळ्यांचा अंदाज येईल.

अर्धायुष्य

फ्लुओरेसन्सवर सगळी भिस्त का? पंजे पातळ आहेत म्हणून चालून जातं, पण गुडघा हवा असेल तर प्रकाश पुरत नाही आणि आकडेही खरे राहत नाहीत.

किरणोत्सारी टेक्निशियम-९९एम हायनिक या दुव्याने लावलेलं अ‍ॅनेक्सिन जुनं आणि पारखलेलं आहे. १९९८ मध्ये उंदरांत मरणाऱ्या पेशी पहिल्यांदा अशा टिपल्या गेल्या. २००२ मध्ये नेमक्या तुमच्याच मॉडेलवर, कोलॅजनच्या सांधेदाहावर, ते वापरलं गेलं: सूज डोळ्यांना दिसायच्या आधीच पंजांत सिग्नल वाढलेला होता आणि मिथिलप्रेडनिसोलोनने तो उतरला.

अर्धायुष्य ६ तास, गॅमा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, पिनहोल स्पेक्टला (गॅमा किरणांच्या त्रिमितीय स्कॅनला) सोयीचं. टेक्निशियमचा जनरेटर देशात मिळतो, ब्रिट (अणुऊर्जा विभागाची संस्था) वाशीहून पुरवते. परवाना अर्थातच एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा). जोडणी सोपी: ट्रायसीन सहलिगंड, स्टॅनस क्लोराइड, खोलीच्या तापमानाला अर्धा तास. बिघडतं ते टिन. द्रावणातून आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवला नाही तर स्टॅनस वाया जातं आणि पर्टेक्निटेट (न जोडलं गेलेलं टेक्निशियम) सुटं राहतं. पातळ थराच्या पट्टीवर सलाइनमध्ये चालवा: अ‍ॅनेक्सिन मूळ जागी राहतं, सुटं पर्टेक्निटेट पुढे पळतं. ९० टक्क्यांखाली असेल तर टोचू नका. पण मूळ जागी कोलॉइडही बसून राहतं, ते या पट्टीवर कळत नाही. उंदरातच कळतं: थायरॉइड आणि जठर उजळलं तर सुटं पर्टेक्निटेट, यकृत-प्लीहा अवाजवी उजळलं तर कोलॉइडचा संशय घ्या. मूत्रपिंडं नेहमीच जळजळीत दिसतात, त्याने घाबरू नका. मागचे पाय शरीरापासून दूर ताणून टेपने लावा, म्हणजे मूत्राशय चित्रात मध्ये येत नाही.

निष्क्रिय प्रथिनाचा नियम इथेही तोच. किरणोत्सारी लेबल लावलं म्हणून वाहिन्या गळायच्या थांबत नाहीत.

पेशीवेल्हाळ

स्पेक्ट आमच्या आवाक्यात नाही, फ्लुओरेसन्सच. चित्र घेताना आणखी काय सांभाळू? आणि मॉडेल हेच ठेवू का?

प्रकाशवाट

मॉडेल बदला, असं मी म्हणेन. कोलॅजनच्या सांधेदाहात प्रत्येक उंदराचा दिवस वेगळा उगवतो. पहिल्या टोचणीनंतर २१ ते ३५ दिवसांत केव्हाही, आणि चार पंजेही एकदम सुजत नाहीत. औषधाच्या आधी-नंतरचं बघायचं तर सगळे एका रेषेत हवेत. के/बीएक्सएन सीरम, म्हणजे आपोआप सांधेदाह होणाऱ्या उंदरांचं सीरम, दिलं (१५० मायक्रोलिटर पोटाच्या पोकळीत टोचून, शून्याव्या आणि दुसऱ्या दिवशी) की दोन दिवसांत घोटे सुजतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात शिखर येतं, सगळ्यांचं जवळपास सोबत. मात्र त्यात टी-पेशींचा पहिला अंक नाही, सरळ प्रतिपिंडांपासून सुरुवात. औषध टी-पेशींवर चालणारं असेल तर कोलॅजनच.

कोलॅजनच ठेवलंत तर पहिल्या सुजेचा दिवस हाच प्रत्येक उंदराचा शून्य दिवस धरा. आणि इमल्शन नीट करा: कोलॅजन २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पातळ अ‍ॅसेटिक आम्लात, ४ अंशांवर रात्रभर विरघळवून, फ्रॉइंडचं पूर्ण अ‍ॅडज्युव्हंट समान मापात, भांडं बर्फात. घट्ट लोण्यासारखं झालं की एक थेंब पाण्यावर टाका. थेंब गोळा होऊन तसाच बसला तर झालं. कडेने मेणचट तवंग पसरला तर अजून फिरवा. पसरणारं इमल्शन टोचलंत तर निम्मे उंदीर सुजणारच नाहीत. १०० मायक्रोलिटर शेपटीच्या मुळाशी, कातडीच्या आत. तिथे गाठ होते, ती अ‍ॅनेक्सिनने लखलखते आणि मागच्या पंजांवर तिचा उजेड सांडतो. चित्र घेताना तिच्यावर काळा कागद.

चित्राचं: आठवडाभर आधीपासून अल्फाल्फा नसलेला चारा. त्यातलं क्लोरोफिल साय५.५ च्याच पट्ट्यात चमकतं आणि आतड्यांतून सगळं चित्र भरून टाकतं. केस काढायची क्रीम चित्राच्या दिवशी नको, दोन दिवस आधी. क्रीमने चुरचुरलेली कातडीही पीएस दाखवते. टोचायच्या आधीचं चित्र प्रत्येक वेळी घ्या, मागच्या खेपेचा रंग उरलेला असतो तो वजा करायला. दोन खेपांत किमान ४८ तास.

मोजणीचा चौकोन सगळ्या पंजांना एकाच मापाचा ठेवा आणि सरासरी घ्या, बेरीज नको. पंजा सुजला की क्षेत्र वाढतं आणि बेरीज आपोआप फुगते.

अनवाणी

टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) अडवणारं औषध दिलं आणि ते लागू पडलं, तर सिग्नल वर जायला हवा की खाली?

खलबत्ता

दोन्ही, वेळेनुसार. मॅक्रोफेज मरून दाह ओसरत असेल तर आधी वर, मग खाली. पेशी यायच्याच थांबल्या असतील तर सरळ खाली. माणसांच्या सायनोव्हियमच्या बायोप्सींतही एकवाक्यता नाही: इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधानंतर पहिल्या दोन दिवसांत अपॉप्टोसिस वाढलेलं दिसलं नाही, तर काही आठवड्यांनी घेतलेल्या तुकड्यांत मॅक्रोफेजांचं वाढलेलं दिसलं. म्हणून औषधानंतर ६, २४, ७२ तास असे टप्पे घ्या. ६ आणि २४ तासांसाठी वेगळे गट लागतील, ४८ तासांचं अंतर राखायचं आहे. एकच टप्पा ठेवलात तर जे हवं ते सिद्ध करता येईल.

पेशीवेल्हाळ

सुधारलेला आराखडा: सीरमचं मॉडेल. सक्रिय आणि निष्क्रिय अ‍ॅनेक्सिन एकत्र, चार उंदरांत रंगांची अदलाबदल. औषध सहाव्या दिवशी, ६, २४, ७२ तासांना वेगळे गट. वेगळ्या गटात एलई२२-साय५, त्यांचा एक पाय जेलला, एक कापाला. अ‍ॅनेक्सिनवाल्यांचा एक पाय हाड मऊ न करता गोठवलेला, दुसरा ईडीटीए आणि ट्यूनेलला. प्रोब चालतंय याची खूण म्हणून डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम प्रति किलो देऊन थायमस बघणार (त्याने थायमसमधल्या पेशी हमखास मरतात).

निळीशाई

थायमससाठी निरोगी उंदीर वेगळा ठेवा. डेक्सामेथासोन सांधेदाहालाही उतरवतं, त्याच उंदरात दोन्ही बघायला गेलात तर पंजे बाद. आणि थायमस छाती उघडून, बाहेर काढूनच मोजा, बरगड्यांआडून साय५.५ पुरेसा येत नाही.

चुनखडी

आणि थायमस धुताना बफरमध्ये कॅल्शियम.